सगुणाचे त्रेचाळीस खुंट

सगुण,

हे पत्र तू स्वतः वाचणार नाहीस, मला ठाऊक आहे. वीज खात्याची नोटीस सोडली तर कुठलाच कागद तू शेवटपर्यंत वाचलेला नाहीस. सुविधा वाचून दाखवील. तुझ्या लेकीला मी नववीत शिकवलंय, तिचं वाचन स्वच्छ आहे. तू पडवीत सुपारी कातरत बसशील आणि मध्येच म्हणशील, "बाईनी सगळा परत उगाळल्यानी." उगाळलंय. ऐक.

तू माझ्याशी बोलणं बंद केलंस त्याला सात महिने झाले. भांडला असतास तर मी दोन शब्द ऐकवले असते, तूही चार ऐकवले असतेस, आणि आपण चहा प्यालो असतो. गप्प राहणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते मला चौऱ्याहत्तराव्या वर्षीही समजलेलं नाही.

पण हे मी नुसतं तुझ्यासाठी लिहीत नाही. सरकारी अहवालाच्या चौदाव्या पानावर तुझा फोटो आहे. कुऱ्हाड उगारलेली, टोपी सरळ केलेली, आणि तोंडभर हसू. खाली छापलंय: "संरक्षणास प्रस्तावित क्षेत्रात वृक्षतोड करताना स्थानिक इसम." दप्तरात तुझी ओळख म्हणून एवढंच राहिलं आहे. ते मला सहन होत नाही. तेव्हा तू जरा बाजूला बस. आता लोकांना सांगते.

*

आंबेखोल हा डिचोली तालुक्याच्या टोकाचा गाव. नदी ओलांडली की पेडणे. मी राहते मयेला, पण आंबेखोलच्या हायस्कुलात बावीस वर्षं शास्त्र शिकवलं. डिचोलीला बस बदलून रोज जाऊन-येऊन. सगुण तिथला, वीज खात्यात लाईनमन. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. शाळेतली लाईट गेली की तो यायचा, पोलावर चढायचा आणि वरूनच मला विचारायचा, "बाई, ह्या पाखराचा नाव काय?" मी खालून बघायची, मला काही दिसायचं नाही. मी म्हणायची, आधी लाईट लाव.

निसर्गप्रेमी म्हणून जे लोक हल्ली कॅमेरे गळ्यात घालून हिंडतात, त्यातला तो नव्हे. तारांवर येणाऱ्या फांद्या छाटून त्याने तीस वर्षं पगार घेतला. पण पोलावर चढणाऱ्या माणसाला गाव वरून दिसतो. गावामागच्या डोंगरउतारावर राष्ट्रोळी देवाची राय आहे, चाळीसेक एकरांचं दाट रान. ते रान जिथे संपतं तिथवरच गवे येतात, शेकरू तिथूनच मागे फिरतो, हे त्याला वरून दिसलं. मी ते पुस्तकातून शिकवत होते.

अठ्ठ्याण्णव साली त्या रायीतून विजेची लाईन न्यायचं ठरलं. सरळ रेषेत, कागदावर काढलेली. मधे एक घोटिंगाचं जुनं झाड येत होतं, ते पाडायचं. सगुणाने कामगार थांबवले आणि इंजिनियरला सांगितलं, "साहेब, हंयसून न्हय. आत बाळंतीण आसा." इंजिनियर बिचारा घर शोधू लागला. सगुणाने वर बोट दाखवलं. घोटिंगाच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ढोलीचं तोंड तिने आतून लिंपून घेतलेलं, नुसती एक फट ठेवलेली, आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवत होता. मादी अशी दोन-अडीच महिने आत असते, नराला कुणी हुसकावलं तर पिलांसकट उपाशी मरते. लाईन वळवून न्यावी लागली, अकरा पोल जास्त लागले. सगुणाला मेमो मिळाला. तो मेमो त्याने माझ्याकडे आणून दिला, "बाई, ह्येचा उत्तर तुमी लिवा." मी लिहिलं. आमची दोघांची वाटणी तेव्हा ठरली: रानातलं त्याने बघायचं, कागदातलं मी.

ही वाटणी वाईट होती. आता कळतं.

रायीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. आमच्याकडे शिगम्याला होळीसाठी झाड आणतात. आंबेखोलात ते रायीतल्या रानआंब्याचंच आणायचं, आणि कुठला आंबा ते देवाला विचारून. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली की देवाचा होकार. पहिला घाव घालायचा मान सगुणाच्या घराण्याचा. तो पंचवीस वर्षांचा असताना बाप गेला आणि कुऱ्हाड त्याच्या हाती आली. वर्षाला एक झाड. बाकीचे सगळे दिवस रायीत कोयता न्यायचा नाही, सुकी काटकीसुद्धा उचलायची नाही. पावसाळा लागला की मानकऱ्याने त्या खुंटाशेजारी त्याच आंब्याची कोय रुजवायची आणि तीन उन्हाळे पाणी घालायचं. त्या रोपाला ते लोक 'नातू' म्हणतात. सगुणाने कधी चुकवलं नाही. एका उन्हाळ्यात पाठीला पट्टा बांधून तो कळशी घेऊन चढ चढत होता. मी म्हटलं, तुझ्या भाच्याला पाठव. "भाचो घागर हिसकळता," म्हणाला.

*

आता सरकार.

सहा-सात वर्षांपूर्वी जाहीर झालं की नदीच्या दोन्ही अंगांची राने मिळून वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्र करायचं, आणि गावोगावच्या देवरायाही त्यात घ्यायच्या. मला आनंद झाला, गावाला धडकी भरली. लोक म्हणू लागले, काजू गोळा करू देणार नाहीत, गुरं अडवतील, उद्या देवाकडे जायला पास मागतील. ही भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. दुसरीकडे झालंही होतं तसं.

तेव्हा सगुण निवृत्त झाला होता. तो घरोघर गेला. प्रत्येक घराचा मीटर कुठे आहे ते त्याला ठाऊक, म्हणजे प्रत्येक घरातलं माणूसही ठाऊक. कुणाला म्हणाला, "तुझो काजू रायीभायर, तुका कोण आडयता?" कुणाला नुसतं हरमलचं सांगितलं. "हरमलाक वच आनी बघून ये. दर्याकडेची जागा सोपली, आता ते हॉटेलवाले डोंगर बघतत. राय कागदार चडली नाय तर आमचो देव कोणाच्या तरी कंपाउंडात बसतलो." हे लोकांना पटलं. देवाकडे जायला पास लागेल म्हणून भिणारी माणसं देवाला कंपाउंडात बघायला तयार नव्हती. एकशे बारा घरांनी सह्या दिल्या. निवेदनाचा मसुदा मी लिहिला.

मग वाऱ्याने दिशा बदलली. मंत्री बदलले, धोरण बदललं. राखीव क्षेत्र होणार, पण हद्दी "वास्तववादी" करणार. नंतरच्या पत्रकात आलं की विकास आणि संवर्धन यांचा समतोल साधणार. समतोल हा शब्द सरकारी पत्रकात आला की समजावं, कुणाच्या तरी पारड्यातलं काढायचं ठरलंय. मी दर पत्रकाला उत्तर लिहीत होते. उत्तर पोचेपर्यंत दुसरं पत्रक यायचं. खात्यात गेलं की नवीन माणूस, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगा. सगुण बाहेर बाकावर बसायचा. मी संतापून बाहेर आले की म्हणायचा, "लाईट गेली म्हणून तार तुटली असा नाय, बाई. कोणीतरी फ्यूज काढून खिशात घातलो आसता. तो कोण ता बघूचा."

तो कोण, ते आम्हाला कधी दिसलं नाही.

शेवटी ठरलं की एक समिती प्रत्यक्ष येऊन बघेल आणि देवराया ठेवायच्या की वगळायच्या ते सुचवील. तीन माणसं. त्यांनी मार्चमधली तारीख आम्हालाच विचारली. देवळात बैठक झाली. सगुण म्हणाला, "पावणे येतले तर मानाच्या दिसा येवंदेत. शिगम्याक बोलवया. गाव रायीक कसो मानता ता दिसात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. एवढंच नव्हे, निमंत्रण मीच लिहिलं. "आमच्या ग्रामस्थांचे वनाशी असलेले नाते आपण प्रत्यक्ष पाहावे," हे माझं वाक्य. मी बी.एस्सी. वनस्पतीशास्त्राची. झाडं वाचवा म्हणून बोलावलेल्या माणसांपुढे आपण वाजतगाजत झाड पाडणार आहोत, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आंबेखोलात कुणाच्याच आलं नाही. आमच्या दृष्टीने ते झाड पाडणं नव्हतंच. वर्षभर न तोडण्याचा तो समारोप होता.

दुपारी समिती आली. गावाने देवळातली कदेलां डोक्यावर घेऊन रायीत नेली होती. तीन खुर्च्या, रानाच्या मधोमध, त्यांवर टॉवेल. साहेबांना नारळ दिले, माळा घातल्या. ढोल-ताशे लागले. सगुण धुतलेलं धोतर नेसून पुढे आला, आंब्याला नमस्कार केला, गाऱ्हाणं घातलं आणि पहिला घाव मारला.

समितीचे सचिव उठून उभे राहिले. तरुण होते, गोव्यात नवे. मोबाईल काढून त्यांनी विचारलं, "या झाडाची परवानगी घेतली आहे?"

"घेतली तर," सगुण म्हणाला.

"कोणाची?"

"देवाची. सकाळीच. उजवी पाकळी पडली."

सचिवांनी मोबाईल डोळ्यासमोर धरला. सगुणाला वाटलं, मानाचा फोटो काढतात. त्याने टोपी सरळ केली, कुऱ्हाड पुन्हा उगारली, हसला. फोटो निघाला. मग आदबीने म्हणाला, "साहेब, हललो काय? आणखी एक घाव घालू?"

त्यांनी आणखी एक काढला.

जेवणाला खतखतें होतं, शिरवळ्या होत्या. समितीने सगळं आवडीने खाल्लं. जाताना सचिव मला म्हणाले, "फारच रंगीत कार्यक्रम होता." मी घरी येऊन सुविधाला फोन करून सांगितलं, काम झालं.

*

अहवाल ऑगस्टमध्ये आला. राष्ट्रोळीची राय "मानवी हस्तक्षेपामुळे आधीच अवनत" असल्याने राखीव क्षेत्रातून वगळावी अशी शिफारस होती. पुरावा, चौदावं पान. हरकती द्यायला साठ दिवस.

मी अहवाल मिळाल्या दिवशीच आंबेखोलला गेले आणि सगुणापुढे आपटला. त्याने फोटो बराच वेळ पाहिला. "बरो आयलो," म्हणाला. मग खालची ओळ सुविधाने वाचून दाखवली. त्याने अहवाल मिटला, माझ्या हातात दिला आणि आत जाऊन टोपी खुंटीला लावली. नंतर त्याच्या डोक्यावर मी ती पाहिलेली नाही.

आठवड्याभरात तो मयेला माझ्याकडे आला. स्कूटरच्या डिकीतून वीज खात्याचा जुना कातडी टेप काढला, पन्नास मीटरचा.

"बाई, खुंट मेजूया."

"कसले खुंट?"

"माझे. त्रेचाळीस आसत. पैले धा-बारा कुसून माती जाले, पण नातू उबे आसत. हर एकाचा साल माका तोंडपाठ. नातवाचो घेर मेजूचो, साल लिवचा. जुनो जाडो, नवो बारीक. वर्साक एकच तोडला आनी एक लायला, ता दिसात ना?"

"मग जा, मोज."

"मेजतलंय मी. लिवतले तुमी. सही तुमची, आनी सहीखाली बी.एस्सी. माझ्या सहीक कोण इचारता? माझो तर फोटो आसा."

यापेक्षा चांगला पुरावा वनस्पतीशास्त्रात मिळत नाही. पाडलेल्या प्रत्येक झाडाशेजारी ज्याचं वय ठाऊक आहे असं एक झाड, ओळीने त्रेचाळीस वर्षांचं. जगात किती ठिकाणी असेल? मी स्वतः मुलांना झाडाचा घेर मोजायला शिकवलंय. आणि मी त्याला म्हटलं, "पाऊस थांबू दे. तो चढ निसरडा आहे, माझे गुडघे तुला ठाऊक आहेत."

खरं म्हणजे मला ते बावळटपणाचं वाटलं होतं. मी कायद्यात बुडाले होते. कुठलं कलम, कुठला जुना निकाल, कुठल्या पत्रकातलं कुठलं वाक्य कुठल्या पत्रकाशी विसंगत. सरकारला त्याच्याच कागदात पकडणार होते. खुंट काय मोजायचे?

चतुर्थी आटोपल्यावर तो पुन्हा आला. तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वाकायची बंदी. हे कारण खरं होतं. त्याने पपई आणली होती. ती ठेवली आणि टेपही ठेवला. "हंयच रावंदे. परत न्हेवचो, परत हाडचो कशाक?"

मग ऑक्टोबर. सुनावणीआधीचा रविवार ठरला. पंधराव्या खुंटापासून पुढे चढ उभा आहे, तिथे मी खाली बसायचं, त्याने वरून आकडे ओरडून सांगायचे आणि मी लिहायचे, असंसुद्धा ठरलं. शनिवारी टायपिस्टचा फोन आला, हरकतीची चार पानं चुकली आहेत, उद्याच बसावं लागेल. मी डिचोलीला गेले. सगुणाला सुविधामार्फत निरोप दिला की हरकत भक्कम झालीय, खुंटांची गरज पडणार नाही.

सुविधाने नंतर मला सांगितलं, तो सकाळी सातपासून रायीच्या तोंडाशी बसला होता. मला बसायला घरून एक कदेल नेलं होतं.

*

सुनावणी पंचवीस मिनिटं चालली. माझी हरकत बावीस पानांची. अधिकारी वयस्क होते, त्रासलेले, पण वाईट नव्हते. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला.

"बाई, हे कायद्याचं आमचे वकील बघतील. मला एकच सांगा. तुम्ही म्हणता वर्षाला एकच झाड तोडतात आणि एक लावतात. याला आधार काय?"

मी म्हटलं, "परंपरा आहे."

"परंपरा मलाही माहीत आहे. मी पेडण्याचाच. आधार काय? काही मोजणी, यादी?"

मागच्या बाकावरून सगुण उठला. "खुंट आसत, साहेब. चला, दाखयतंय. अर्ध्या तासार."

"लेखी आहे?"

सगुणाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. वर्गात पोरगं गृहपाठाच्या वहीकडे बघतं तसं, असेलच या खात्रीने. मी बावीस पानं चाळू लागले. कशाला चाळत होते देव जाणे. त्यात नव्हतं, हे मलाच सर्वांत चांगलं ठाऊक होतं.

"साहेब, आठ दिवस द्या," मी म्हटलं.

"मुदत आज संपते. माझ्या हातात नाही. उद्या माझी बदलीही आहे."

बाहेर आल्यावर मी खूप बोलले. सरकारला, समितीला, त्या सचिवाला, टायपिस्टला. सगुण स्कूटर पुसत होता. पुसून झाल्यावर म्हणाला, "बाई, तुमचा लिवणा बरा होता." आणि गेला. त्याचं माझ्याशी तेवढंच शेवटचं बोलणं.

डिसेंबरात हद्द जाहीर झाली. राखीव क्षेत्र झालं; वर्तमानपत्रात फुलपाखराच्या चित्रासकट बातमी आली. आंबेखोलची राय त्यात नाही. राय गावाची, देवाची, असं सगळे म्हणत होते. सातबाऱ्याला समांतर असा जो आमचा कागद, त्यात ती जुन्या भाटकाराच्या, जमीनदाराच्या, नावावर होती, आणि त्याच्या वारसांनी फेब्रुवारीत वरचा अर्धा डोंगर विकला. देऊळ तेवढं कुंपणाबाहेर ठेवलं. उपकारच.

यंदाच्या शिगम्याला पाकळी पडली नाही. तीनदा लावली, तिन्ही वेळा सुकून चिकटून राहिली. मी देवभोळी नाही, त्या दिवशी ऊन फार होतं. पण सगुण कुऱ्हाडीला हात लावायला तयारच नव्हता. गावाने कुळागरातली एक पोफळ आणून उभी केली आणि झालं.

*

सगुण, आता पुन्हा तुझ्याशी.

एप्रिलमध्ये मी आले होते, तुला सांगितलं नाही. सकाळची बस धरली, पिशवीत टेप, वही, दोन पेन्सिली. म्हटलं, हद्द गेली तर गेली, मोजणी तरी करू. पुढचं सरकार येईल, पुढचं पत्रक येईल, तेव्हा बाईजवळ यादी असेल. तुला न्यायला घराकडे वळले, पण पडवीत तू पाठमोरा बसला होतास. मला हाक मारवली नाही. एकटीच वर गेले.

फाटकावर राखणदार होता, निवृत्ती नावाचा, बेळगावकडचा. पत्र्याच्या खोलीत बायकोबरोबर राहतो. त्याने मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि आत सोडलं नाही.

"साहेबांची चिठ्ठी पाहिजे, मावशी. काय काम होतं?"

मी म्हटलं, खुंट मोजायचेत, आंब्याचे. आणि प्रत्येकाशेजारी एक झाड असेल.

"बुंधे व्हय? ते मागल्या आठवड्यात उपटले की मशीनने. रस्त्याच्या आड येत होते. शेजारची झाडंबी गेली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खालच्या अंगाला पाच-सहा ऱ्हायलीत वाटतं. तारेतून दिसतात बघा."

मी तारेला तोंड लावून पाहिलं. डोळा आता नवा आहे, दिसतं. चार नातू दिसले. त्यातला कुठला कुठल्या सालचा, ते मला ठाऊक नव्हतं. ते तुला तोंडपाठ होतं, मी लिहून घ्यायचं होतं.

वही कोरीच परत आणली. पहिल्या पानावर तारखेच्या जागी अजून तो ऑक्टोबरचा रविवार आहे. आधी आखून ठेवलं होतं. रकाने तीन: साल, घेर, शेरा. टेप माझ्याकडेच, खिडकीच्या खुंटीला.